कुत्रा हरवला? एक फोन महापालिकेच्या नसबंदी केंद्रालाही करा

नमस्कार मंडळी!

दिवाळीची रात्र. खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, दार उघडं होतं, आणि तुमचा कुत्रा जो सुटला तो गेलाच. आता तुम्ही काय कराल? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकाल, इन्स्टावर स्टोरी टाकाल, वॉचमनकाकांना विचाराल, स्कूटर काढून गल्लीबोळ पालथे घालाल. सगळं बरोबर आहे. पण एक फोन बहुतेकांना सुचतच नाही, तो म्हणजे महापालिकेच्या श्वान नसबंदी केंद्राला.

आता म्हणाल, माझा कुत्रा पाळीव आहे, नसबंदी केंद्राशी माझा काय संबंध?

संबंध असा, की हरवलेल्या पाळीव प्राण्यांसाठी आपल्याकडे पालिकेची वेगळी खिडकी सहसा नसतेच. गाडी, जाळी, पिंजरे, डॉक्टर, रजिस्टर, जे काही आहे ते भटक्या कुत्र्यांसाठी उभं केलेलं. त्यात 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम बघा. या नियमांत रस्त्यावरच्या प्राण्यांच्या व्याख्येत गावठी कुत्रे तर आहेतच, पण मालकाने सोडून दिलेले जातिवंत कुत्रेही आहेत. म्हणजे गळ्यात पट्टा नसलेला तुमचा लॅब्रेडॉर गाडीवाल्यांच्या लेखी बेवारस. त्यांना तरी कसं कळणार?

ही गाडी काम कशी करते ते बघू, कारण तुमचा शोध तिथूनच सोपा होतो. कुत्रा जिथे पकडला ती जागा लिहून ठेवायची, त्याच्या गळ्यात नंबर अडकवायचा, आणि तोच नंबर केंद्राच्या रजिस्टरमध्ये चढवायचा. मग तपासणी, नसबंदीची शस्त्रक्रिया, रेबीजची लस, त्यानंतर निदान चार दिवस देखभाल. भुलीत असतानाच कानाला छोटीशी खाच पाडतात. रस्त्यावर एखादा कान असा कापलेला दिसला ना, तर त्याला कुणी मारलंय असं समजू नका, त्याची नसबंदी झालेली आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि शेवटी, जिथून उचलला तिथेच परत सोडायचा.

यावर लोक चिडतात, ‘उचललाच होता तर परत कशाला आणला?’ अहो, ती जागा रिकामी राहत नाही. कचऱ्याचा ढीग तिथेच, चिकनच्या दुकानामागचं खाणं तिथेच, मग शेजारच्या गल्लीतले चार नवे कुत्रे येतात, नसबंदी न झालेले, लस न टोचलेले. जुना परत आला तर निदान तो पिल्लं घालणार नाही आणि बाहेरच्यांना सहजासहजी घुसू देणार नाही. कुत्रे मारून संख्या आटोक्यात ठेवायचा प्रयोग मुंबईने इंग्रजांच्या काळातच करून पाहिला होता. 1832 मध्ये त्यावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. पुढे 2014 च्या मोजणीतसुद्धा मुंबईत 95 हजारांच्या आसपास भटके कुत्रे होतेच.

आता फोनवर नेमकं काय विचारायचं? ‘माझा कुत्रा हरवलाय’ एवढ्यावर थांबू नका. विचारा, ‘दादा, काल रात्री आणि आज सकाळी गाडी कुठल्या भागात गेली होती? नर, तांबूस रंग, छातीवर पांढरा डाग, शेपटी गोल, असा कुणी आलाय का?’ जातीपेक्षा खुणा सांगा. त्या भागातलं काम एखादी संस्था करत असेल तर तिचा नंबर मागून घ्या, कारण पालिका हे काम बऱ्याचदा संस्थांकडे देते. मुंबईत असाल तर 1916 वर फोन लावा, इतर शहरांत पालिकेच्या पशुवैद्यकीय किंवा आरोग्य विभागाला गाठा. आणि शक्य असेल तर स्वतः जा. पिंजऱ्यातला घाबरलेला कुत्रा फोटोतल्यासारखा दिसत नाही, पण तुमचा आवाज तो लगेच ओळखतो.

जाताना कुत्रा पाळण्याचा पालिकेचा परवाना घेऊन जा. काढलाय ना? मुंबई-पुण्यात तो ऑनलाइन निघतो, लसीकरणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तरी शेकड्याने लोक तो काढत नाहीत. कुत्रा तुमचाच आहे हे दाखवणारा याच्याइतका साधा कागद दुसरा नाही. मायक्रोचिप असेल तर आणखी उत्तम. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात, आत 15 आकडी क्रमांक. फक्त तिला जीपीएस समजू नका, स्कॅनर जवळ नेल्याशिवाय ती काही सांगत नाही. म्हणून पट्ट्यावर मोबाईल नंबर हवाच. तो वाचायला कुठलंच यंत्र लागत नाही.

माझी पालिकांकडे एक साधी मागणी आहे. कुत्र्याची नोंद तुम्ही करताच, तर त्याच्याबरोबर रोज एक फोटो वेबसाइटवर टाका ना! मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. लोकांना दहा ठिकाणी फोन करत फिरायला लावायचं कशाला?

आता दत्तक. रस्त्यावरचा एखादा कुत्रा घरी आणायचा असेल तर पालिकेकडे अर्ज करता येतो. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट म्हटलंय, कुत्र्याला टॅग लावून तो अर्जदाराला द्यायचा. पण अट बघा, तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, आणि ती जबाबदारी तुमची. पुढे 7 नोव्हेंबर 2025 ला न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतले कुत्रे हलवून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, तेही तिथेच परत न सोडता. म्हणजे या कुत्र्यांना घरं तर लागणारच आहेत.

आणि जे लोक घर बदललं, बाळ झालं, बदली झाली म्हणून कुत्रा हायवेवर सोडून येतात, त्यांच्यासाठी. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. वडापाव आणि चहा झाला की संपले! सांभाळणं खरंच जमत नसेल तर संस्थेला आधी फोन करा, जागा आहे का विचारा, लसीचं कार्ड, खाण्याच्या सवयी, कशाला घाबरतो ते लिहून द्या. गेटला बांधून पळ काढू नका.

मांजरवाल्यांनो, विसरले नाही तुम्हाला. 2023 चे नियम मांजरांनाही लागू आहेत, पण हरवलेली मांजर शोधायची पद्धत अगदी वेगळी. ती बहुतेक वेळा लांब जातच नाही, जवळपासच कुठेतरी दडून बसते. आधी जिना, गच्ची, पार्किंगमधल्या गाड्यांखाली टॉर्च मारून बघा, रात्री सामसूम झाल्यावर. पालिकेला फोन त्यानंतर.