पाण्यापलीकडचं नेट

(दृश्य: पहाट. पाण्यावर धुकं. लाँचच्या इंजिनचा आवाज.)

कोयना धरणाचा हा जलाशय, शिवसागर. अलीकडे तापोळा-बामणोलीची बाजू, पलीकडे कांदाटी खोरं. दिवसाची पहिली लाँच सुटली आहे. सिमेंटची चार पोती, पिठाचा डबा, रात्रभर एसटीत बसून मुंबईहून आलेली दोन माणसं. आणि मागच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेली एक पांढरी डिश. आपल्याला हिच्याबरोबर पलीकडे जायचं आहे.

(दृश्य: वरून शिवसागर, दोन्ही तीर.)

गेल्या शतकात, साठच्या दशकात, इथे पाणी चढलं. भातखाचरं गेली, देवळं गेली, एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायच्या वाटा गेल्या. जे उरले ते डोंगराच्या अंगाला सरकले. आज धरणाची साठवण 105.25 टीएमसी आहे आणि कोयना प्रकल्पाची वीज 1,960 मेगावॅट. महाराष्ट्राला उजेड देणारं पाणी हेच. त्या पाण्याच्या काठावर फोनला रेंज मिळावी म्हणून माणसं अर्धा डोंगर चढत होती.

(दृश्य: कड्यावरचा सपाट दगड. दगडावर घासून गुळगुळीत झालेली जागा.)

हा रेंजचा दगड. 2020 साली मुंबई बंद झाली आणि मुंबईकर गावी परतले. त्यांची शाळकरी मुलं याच दगडावर बसून तास ऐकायची. पाऊस आला की एकाने फोन धरायचा आणि दुसऱ्याने छत्री. रेशनचं मशीनही इथेच आणावं लागे. म्हातारी माणसं अंगठा लावायला चढून यायची. अंगठा लागायचा, पण नेटवर्क नसायचं.

(बाइट: रेशनच्या रांगेतल्या आजी.)

मग फायबर का नाही? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना, आजचं भारतनेट, 2011 साली मंजूर झाली. पण मूळ योजना थांबत होती ती पंचायतीच्या दारात, आणि इथे एका पंचायतीच्या वाड्या तीन डोंगरांवर पसरलेल्या असतात. मध्ये एवढं पाणी. भोवती 1985 पासून अभयारण्य आणि 2010 पासून व्याघ्र प्रकल्प. इथे चर खणायचा तर परवानग्या लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात. हे जंगल आहे म्हणून हे खोरं आहे. म्हणूनच जमिनीला हात न लावता हवेतून येणारं नेट इथल्या मातीला मानवतं. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हेच करून पाहिलं आहे: फायबर जिथे संपतं तिथून पुढचा पल्ला बिनतारी करून त्यांनी 25 गावं जोडली.

(दृश्य: डिश खांद्यावर घेऊन चढण. मागे पाणी.)

हा मुलगा याच खोऱ्यातला. लाँचवर काम करायचा, आता सगळे त्याला नेटवाला म्हणतात. गावकीने आणि मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून देवळामागे लोखंडी खांब उभा केला. त्यावर नेट चढवण्याचं आणि चढलेलं टिकवण्याचं काम याचं.

पुढची दोन मिनिटं त्याचे हात बघा.

(दृश्य: जवळून. पाना, क्लॅम्प, डिशची मान.)

पलीकडच्या तीरावर, सहा किलोमीटरवर, अशीच एक डिश आहे. दोघींनी एकमेकींकडे नेमकं बघायला हवं. त्याने फोनवर रेडिओचं, म्हणजे डिशमधून लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राचं पान उघडलं आहे. सिग्नलच्या जोराचा आकडा उणे 74. डिश बोटभर डावीकडे. उणे 70. पुन्हा बोटभर. उणे 73, म्हणजे पुढे गेलं, मागे घ्या. आता वर-खाली. आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे 61. उणे 58. इथे तो श्वास रोखतो आणि बोल्ट आवळतो, कारण आवळतानाच डिश फिरते.

समोरचा तीर डोळ्याला दिसला की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. या लहरींची वाट दोरीसारखी सरळ नसते, ती मृदंगासारखी असते. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. सहा किलोमीटरच्या पल्ल्यात मधला फुगवटा चारी बाजूंना जवळजवळ नऊ मीटरचा. त्यात झाडाचा शेंडा आला की नेट मंदावतं. गेल्या वर्षी पल्ल्यातल्या एका जांभळाने पालवी धरली आणि तीन घरांचं नेट अडखळू लागलं. यंत्रात दोष शोधत आठ दिवस गेले. मग हा मुलगा खांबावर चढून नुसता समोर बघत बसला आणि त्याला झाड दिसलं.

(दृश्य: उन्हाळा. पाणी उतरलेलं. जुन्या घरांची जोती उघडी पडलेली.)

आता या खोऱ्याचं खास दुखणं. पाणी. लहर समोरून सरळ येते आणि पाण्यावर आपटूनही येते. दोन्ही एका तालात आल्या तर ठीक. ताल चुकला की एक दुसरीला मारते. पाण्याची पातळी बदलली की ताल बदलतो. श्रावणात काठोकाठ भरलेलं धरण मे महिन्यात इतकं खाली जातं की बुडालेल्या गावांची जोती वर येतात. म्हणजे गणपतीत ठणठणीत असलेलं नेट शिमग्याला का लंगडतं, याचं उत्तर त्या खाली गेलेल्या पाण्यात आहे.

(दृश्य: खांबावर एकाखाली एक दोन डिश. खांबावर रंगाच्या रेघा.)

त्याचा इलाज हा. एकाच खांबावर दोन डिश, वेगवेगळ्या उंचीवर. एकीचा ताल चुकला तर दुसरीचा सहसा जुळतो. आणि या लाल रेघा बघा. पाणी कुठे होतं तेव्हा कुठली डिश चांगली चालली, याची नोंद त्याने खांबावरच रंगवून ठेवली आहे. प्रत्येक रेघेशेजारी महिना. कुठल्याही माहितीपुस्तिकेत हे सापडणार नाही, कारण ती पुस्तिका लिहिणाऱ्याने शिवसागर पाहिलेला नाही.

(दृश्य: पावसाळा. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब.)

पावसाने नेट जातं, असं सगळे म्हणतात. धुक्याने आणि पावसाच्या धारांनी या लहरींचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लाईट गेल्याने, केबलच्या तोंडात पाणी शिरल्याने, वीज कडाडली की पोर्ट जळल्याने. म्हणून ही सौर पाटी, ही बॅटरी. रेडिओला बल्बापेक्षा जास्त वीज लागत नाही. आणि केबल खाली येताना तिला दिलेला हा झोळ पाहिलात? पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतं, पेटीत शिरत नाही. एवढ्या एका वळणाने पूर्ण पावसाळा निभावतो.

(दृश्य: वानरांची टोळी. एक पिल्लू खांबाला लोंबकळतंय.)

हेही ग्राहकच म्हणायचे. यांनी धक्का दिला की डिशची मान वळते.

(दृश्य: गंजलेला जुना खांब, वर लोंबणारी तुटकी केबल.)

याआधीही इथे नेट आलं होतं. बाहेरची कंपनी आली, डिश बसवल्या, फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात सगळं बंद. तक्रार नोंदवायला फोन करावा लागे, आणि फोनसाठी रेंजच्या दगडावर जावं लागे. माणूस येतो म्हणायचे. लाँचची वेळ बघून परत फिरायचे. काही घरांनी सहा महिने बिल भरलं, कारण बंद करायचं कसं हेही कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या पट्ट्यात हे रेडिओ चालतात, त्या 5 गिगाहर्ट्झच्या परिसरातला 605 मेगाहर्ट्झचा भाग 2018 साली सरकारने परवान्याविना वापरायला खुला केला. यंत्रं बाजारात मिळतात. 2023 पासून मोठ्या कंपन्याही एअरफायबर नावाने बिनतारी जोडण्या देतात. यंत्राची अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती खांबावर चढणाऱ्याच्या पगाराची. योजनांच्या कागदांत डिशचे पैसे असतात, खांबाचे असतात, उद्घाटनाच्या मांडवाचेही असतात. या मुलाचे नसतात. आज त्याला गाव देतं, घरटी थोडं थोडं.

(दृश्य: झपाट्याने. रेशनचं मशीन दुकानात. होमस्टेच्या भिंतीवर क्यूआर कोड. सातबाऱ्याची प्रिंट. अंगणात मोबाइलवर नातू, आजीचा चेहरा.)

अंगठा आता दुकानातच लागतो. होमस्टेचे पैसे फोनवर येतात. उताऱ्यासाठी तालुक्याची फेरी वाचते. संध्याकाळी सगळे एकदम बसले की मंदावतं, तेव्हा वाड्यांनी आपसात वेळा ठरवल्या आहेत. परीक्षेच्या दिवसांत आधी मुलांचं.

(बाइट: होमस्टेवाल्या काकू.)

(दृश्य: संध्याकाळ. धक्का. शेवटची लाँच.)

पलीकडच्या वाडीतल्या एका घराचं नेट दुपारपासून बंद आहे. घरात वहिनी आणि सासूबाई दोघीच. दादा मुंबईला, रात्री आठला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. नेटवाल्याने पाना, टॉर्च आणि केबलचं बंडल घेतलं आहे. लाँचवाले काका त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबले. जाईल तो आजच, परत येईल उद्या सकाळच्या फेरीने.

(निवेदन थांबतं. लाँच दूर जाते. मूळ आवाज तसाच ठेवावा.)