बिअरच्या नावाचे सात ग्रह

(दृश्य: चिलीतलं ला सिया. डोंगरमाथ्यावर पांढरे घुमट, मावळतीचा उजेड. कॅमेरा सावकाश सर्वांत लहान घुमटाकडे.)

निवेदन :
चिलीचं अटाकामा वाळवंट. उंची 2,400 मीटर. या डोंगरावर युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या दुर्बिणी दाटीवाटीनं उभ्या आहेत. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, तो हा कोपऱ्यातला घुमट. आत 60 सेंटीमीटर आरशाची दुर्बीण आहे. आपल्या जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दुर्बीण आहे, तिचा आरसासुद्धा दोन मीटरचा.

(दृश्य: पारानालचे चार महाकाय घुमट. मग आर्मासोनेसच्या डोंगरावर क्रेन, लोखंडी सांगाडा.)

याच संस्थेच्या मोठ्या दुर्बिणींची नावं ऐका. ही व्हेरी लार्ज टेलिस्कोप, म्हणजे खूप मोठी दुर्बीण. हे बांधकाम चालू आहे ते एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोपचं, म्हणजे भलतीच मोठी. आरसा 39 मीटरचा. मध्यंतरी 100 मीटरचा एक बेत होता, त्याचं नाव ओव्हरव्हेल्मिंगली लार्ज. म्हणजे छाती दडपवणारी. ती कागदावरच राहिली, छाती बहुधा पैशांचा आकडा पाहून दडपली.

(दृश्य: पुन्हा छोटा घुमट. छप्पर उघडतं. कुणी माणूस नाही.)

छोट्या दुर्बिणीवाल्यांना नाव ठेवायला वेळ भरपूर असतो. ही 2010 साली सुरू झाली. चालवतात बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातून, 12,000 किलोमीटर दूर बसून. तिचं लांबलचक नाव आहे 'ट्रान्झिटिंग प्लॅनेट्स अँड प्लॅनेटेसिमल्स स्मॉल टेलिस्कोप'. यातली हवी ती अक्षरं वेचली, नको ती सोडली, की उरतं ट्रॅपिस्ट. बेल्जियममध्ये ट्रॅपिस्ट पंथाचे साधू मठात बिअर गाळतात, आणि ती जगात नावाजलेली आहे. अक्षरं अशी नेमकी जुळली, याला योगायोग म्हणायला बेल्जियममध्ये कुणी तयार होणार नाही.

(दृश्य: मठाचं तळघर, लाकडी पिंपं, फेसाळता पेला. पडद्याच्या कोपऱ्यात पाटी : मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)

पाटी वाचलीत ना? चला पुढे.

(दृश्य: पारानालजवळ चार सारखे छोटे घुमट. मग बशीत दालचिनीची बिस्किटं, चहाच्या कपासह.)

बिअर झाली, आता बिस्किट. लिएजचे खगोलशास्त्रज्ञ मिकाएल गियाँ आणि त्यांच्या चमूनं पुढचा प्रकल्प उभा केला, त्याचं नाव स्पेक्युलूस. बेल्जियममध्ये घरोघरी खाल्लं जाणारं हे मसाल्याचं बिस्किट. अक्षरं जुळवताना प्रकल्पाच्या लांबलचक नावात येणाऱ्या 'अल्ट्रा-कूल'मधल्या 'कूल'चे दोन ओ तेवढे उचलले आहेत. मधलंच अक्षर का, असं विचारू नका. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत तशीच दुर्बीण बसवली आणि तिला फ्रेंच लेखक सेंट-एक्सुपेरीचं लाडकं संक्षिप्त नाव दिलं, सेंट-एक्स.

(दृश्य: आलेख. बिंदूंची सपाट रांग, मध्येच एक खड्डा.)

आता या खड्ड्याकडे बघा. पडद्यावर फार काही हलत नाही, पण सगळा धंदा या खड्ड्याचा आहे.

ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. सूर्यासमोरून पृथ्वी जाताना लांबून पाहिली, तर उजेड दहा हजारांत एका भागाहूनही कमी घटेल. इतकं बारीक मोजायला अंतराळात दुर्बीण पाठवावी लागते. गियाँच्या चमूनं दुसरी वाट धरली. ग्रह मोठा करता येत नाही, तर तारा लहान शोधू. गुरूपेक्षा जेमतेम मोठे, लालसर, मिणमिणते तारे त्यांनी निवडले. अशा ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर शंभरात पाऊण भाग उजेड जातो. हे 60 सेंटीमीटरच्या आरशालाही पकडता येतं.

या ताऱ्यांना शास्त्रज्ञ अतिशीत म्हणतात, तेच ते 'अल्ट्रा-कूल'. अतिशीत म्हणजे साधारण 2,300 अंश सेल्सिअस. लोखंड 1,538 अंशांना वितळतं. खगोलशास्त्रज्ञ 'थंडी आहे' म्हणाला, तर स्वेटर घालू नये.

(दृश्य: लडाख. हान्लेचा उघडा डोंगर, निळंजांभळं आकाश, वेधशाळेचा घुमट.)

मे 2016 मध्ये जाहीर झालं, कुंभ राशीत सुमारे 40 प्रकाशवर्षांवर असा एक तारा आहे, दुर्बिणीच्या नावावरून ट्रॅपिस्ट-1, आणि त्याच्याभोवती तीन ग्रह. खड्डे पक्के करायला जगभरच्या दुर्बिणी लागल्या. त्यात ही आपली. हान्लेची हिमालयन चंद्र दुर्बीण, आरसा दोन मीटर, उंची 4,500 मीटर. तीही माणूस शेजारी बसून चालवत नाही, बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. बेल्जियमच्या साधूंच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्याच्या जन्मपत्रिकेत लडाखची अशी नोंद आहे.

(दृश्य: आलेख, तारीख 11 डिसेंबर 2015. खड्डा वेडावाकडा, पायऱ्यापायऱ्यांचा.)

पण एक आलेख कुणाच्या पचनी पडत नव्हता. 11 डिसेंबर 2015 ची रात्र, त्या खूप मोठ्या दुर्बिणीनं नोंदलेली. खड्डा सरळ खाली जाऊन वर यायला हवा. हा खाली जातो, थबकतो, पुन्हा जातो, अर्धा वर येतो. एका ग्रहाला असं वागता येत नाही.

मग 2016 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात स्पिट्झर ही अंतराळ दुर्बीण जवळजवळ 20 दिवस याच ताऱ्याकडे लावून ठेवली. खड्ड्यामागून खड्डे आले, आणि मोजल्यावर उलगडा झाला. त्या डिसेंबरच्या रात्री ताऱ्यासमोरून एकाच वेळी तीन ग्रह जात होते. तिसरा म्हणून ज्याला आधी एक ग्रह मानलं होतं, तो एक ग्रह नव्हताच. त्याच्या नावावर टाकलेले दोन खड्डे दोन वेगळ्या ग्रहांचे होते. 22 फेब्रुवारी 2017 ला आकडा जाहीर झाला : सात.

(दृश्य: सात ग्रहांचं गाजलेलं रंगीत चित्र, एका ओळीत. निळे, तांबूस, बर्फाळ.)

त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलेलं हेच ते चित्र. समुद्र दिसतो, ढग दिसतात, बर्फाची कड दिसते. यातलं काहीही कुणी पाहिलेलं नाही. फ्लॅटच्या जाहिरातपत्रकावर पोहण्याचा तलाव रंगवलेला असतो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे कलाकारानं काढलेलं चित्र आहे. इथंही ते लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नाही, इतकंच.

(दृश्य: केपलर दुर्बिणीची चौकोनी जाळी. करडे, पांढरे, लुकलुकणारे ठोकळे.)

खरं छायाचित्र हवंय? हे घ्या. केपलर दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातला हा करड्या चौकोनांचा तुकडा. मधला उजळ डाग म्हणजे तारा. सातही ग्रह या डागातच आहेत. आम्ही हे दृश्य मुद्दाम थोडं लांबवलं आहे.

(दृश्य: नासाची रंगीत पर्यटन-पत्रकं, एकामागून एक.)

नासाच्या लोकांना ही गंमत पुरती ठाऊक होती, म्हणून त्यांनी सरळ सहलीची जाहिरातच छापली. दोन सूर्यांच्या ग्रहावर या, तुमची सावली एकटी पडणार नाही. ज्याला सूर्यच नाही त्या ग्रहावर या, इथं रात्रीची मजा संपत नाही. पत्रकं फुकट उतरवून घेता येतात, तिकीट तेवढं मिळत नाही.

(दृश्य: सात ग्रहांच्या कक्षांचं ॲनिमेशन. आतला ग्रह भराभर फिरतो.)

ग्रहांची नावं मात्र रुक्ष : बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. ए ताऱ्यासाठी राखीव. नासानं नावं सुचवा म्हटल्यावर लोकांनी हिमगौरीच्या सात बुटक्यांपासून सुरुवात केली. ती काही अधिकृत झाली नाहीत. दुसऱ्या एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याचा मान 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताला मिळाला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींचं नाव लाभलं, आणि ग्रहाचं 'सांतमस' हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलं होतं.

इथं बी ग्रहाचं वर्ष दीड दिवसाचं. दीड दिवसाचा गणपती बसवला, तर विसर्जनाला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलेलं असणार.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. फ्रान्समधली ओत-प्रोव्हान्स वेधशाळा, मोठा घुमट. मग काडेपेटीवर घासली जाणारी काडी, अगदी जवळून.)

परग्रहांच्या शोधाला खरं बळ आलं ते फ्रान्समधल्या या वेधशाळेतून. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना इथं सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला, 2019 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वेधशाळेत 1960 च्या दशकात वेगळंच काही सापडलं होतं. काही ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडात, अचानक पोटॅशियम भडकत होतं. थोडा वेळ दिसायचं आणि गायब. शोधनिबंध निघाले. पुढे 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या तिघांनी वर्णपटमापकाच्या खोलीत काड्या ओढून पाहिल्या. पोटॅशियम हजर! तारा भडकत नव्हता, रात्रीच्या पाळीवर कुणीतरी सिगरेट पेटवत होतं. आपल्याच खोलीतला धूर ओळखणं या शास्त्रात दुर्बिणीइतकंच लागतं, आणि या तिघांनी ते शोधनिबंध लिहून छापलं, हे आम्हाला फार आवडतं.

(दृश्य: गॅलिलिओ यानाने टिपलेली पृथ्वी, सावकाश फिरणारी. ऑस्ट्रेलिया, मग अंटार्क्टिका.)

हे दृश्य खरं आहे, रंगवलेलं नाही. डिसेंबर 1990. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वेग घ्यायला पृथ्वीजवळून गेलं. कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी ठरवलं, आलोच आहोत तर या ग्रहावर जीवसृष्टी आहे का तपासू. काहीच माहीत नाही असं धरून. हवेत ऑक्सिजन सापडला, सोबत मिथेन, जे एकत्र टिकायला नको. जमिनीवर लाल उजेड गिळणारं कसलंसं रंगद्रव्य. आणि रेडिओ लहरी, बेतून सोडल्यासारख्या. छायाचित्रांत मात्र कुणी राहत असल्याचा ठाम पुरावा नाही. यान ऑस्ट्रेलियावरून गेलं, तरी. 1993 मध्ये हे सगळं 'नेचर'मध्ये गंभीर चेहऱ्यानं छापून आलं.

(दृश्य: जेम्स वेब दुर्बिणीचे सोनेरी आरसे. मग उजाड, खडकाळ ग्रहाचं रंगवलेलं चित्र.)

आता पुन्हा आपल्या सात ग्रहांकडे. 2023 मध्ये जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीनं पाहिलं, तर बी वर दखल घेण्याजोगी हवा नाही, दिवसाच्या बाजूला 230 अंश. सी वर दाट कार्बन डायऑक्साइड नाही. ई चे पहिले निष्कर्ष 2025 मध्ये आले, ठाम काही नाही.

(दृश्य: ताऱ्याच्या पृष्ठभागावर डाग. समोरून एक ठिपका सरकतो, पाठोपाठ दुसरा.)

अडचण ताऱ्याची आहे. त्याच्यावर डाग आहेत, आणि डागांची खूण ग्रहाच्या हवेच्या खुणेसारखीच दिसते. म्हणजे पुन्हा खोलीतला धूर. यावर युक्ती अशी, की ई ताऱ्यासमोरून जाईल त्याच्या आगेमागेच बी जाणार असेल, त्या रात्री पाहायचं. बी ला हवा नाही, तेव्हा त्याच्या वर्णपटात जे दिसेल ते सगळं ताऱ्याचं. ते ई मधून वजा करायचं. अशा आणखी 15 फेऱ्या जेम्स वेबच्या वेळापत्रकात घेतल्या आहेत, आणि ओसाड म्हणून बातमीत आलेल्या बी ला त्यात हजर राहावं लागणार आहे.