नंबर नसलेला जुना फ्युएल प्रेशर रेग्युलेटर ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. व्हिडिओखाली सतत एकच प्रश्न येतो आहे, आणि तोही बहुतेक वेळा एका अंधुक फोटोसह: "भाऊ, हाई कोनती गाडीनं शे?" (हे कोणत्या गाडीचे आहे?) धुळे, जळगाव, भुसावळ येथील जुन्या मालाच्या दुकानांत पेट्रोल गाडीचा एखादा भाग स्वस्तात मिळतो, त्यावरचा नंबर गंजून किंवा घासून गेलेला असतो, आणि दुकानदार "बसेल, घेऊन जा" एवढेच सांगतो. फोटो पाहून गाडीचे नाव सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. ते मी सांगणार नाही, कारण बाहेरून हुबेहूब दिसणारी डबी निरनिराळ्या गाड्यांत निरनिराळ्या दाबाची असू शकते. गाडी नंतर पाहू. आधी या भागाचे कोणते तोंड कुठे उघडते, ते पाहू.

माझ्या हातात आहे तो पत्र्याच्या घुमटाचा, कडेने दुमडून घट्ट दाबलेला, तीन तोंडांचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडचा दाब ठरावीक ठेवून जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परत सोडणारा भाग. तीन तोंडे दिसली की अनेक जण त्याला पंप म्हणतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीचा यांत्रिक पंपही तीन तोंडांचा असतो, हे खरे; पण त्याला इंजिनावर बसवायचा चपटा पाया आणि कॅमने हलणारा दांडा असतो. विजेचा कनेक्टर आणि दोनच तोंडे असतील, तर बहुधा तो कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप. घुमट आहे, पण पेट्रोलचे तोंड एकच आहे, तर तो डॅम्पर, म्हणजे पेट्रोलच्या दाबातले धक्के शोषणारा भाग, असण्याची शक्यता जास्त. इतके सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून मी पुढे जातो.

आता खरी अडचण. घुमटाच्या आत स्प्रिंग असते, तिच्याखाली रबरी पडदा आणि पडद्याखाली पेट्रोलचा कप्पा. पडद्याला लागलेली झडप परतीचे तोंड दाबून बंद ठेवते. घुमटावरचे बारीक तोंड व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीचे. ते इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडले जाते आणि त्यातून पेट्रोलचा थेंबही जाता कामा नये. पेट्रोल आत येण्याचे तोंड बहुधा बाजूला असते. काही डब्यांत तिथे नळी नसतेच, थेट इंधन रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) बसणारे, ओ-रिंग म्हणजे रबरी कडी असलेले टोक असते. परतीचे तोंड सहसा तळाशी, मधोमध, व्हॅक्यूमच्या तोंडाच्या बरोबर विरुद्ध दिशेला असते. आत येणारे आणि परत जाणारे ही दोन तोंडे जाडीने सारखी दिसतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

म्हणून तपासणी करावी. भाग आधी उघड्यावर, सावलीत, पूर्ण कोरडा होऊ द्यावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांच्या घरात असताना पेट्रोलची वाफ किती झपाट्याने होते, हे मी सांगायला नको, आणि विडी ओढत ही कामे करणाऱ्यांना तर मी दुकानात उभेही करत नाही. तोंडाने फुंकर मारून पाहणेही टाळावे. व्हॅक्यूमच्या तोंडाला मोठी इंजेक्शनची सिरिंज नळीने जोडून दांडा मागे ओढावा: सोडल्यावर तो परत आत गेला, तर पडदा शाबूत आहे, हवा सहज ओढली गेली, तर पडदा फाटला आहे आणि भागाचा विचार तिथेच सोडावा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबर कडक किंवा फुगीर होऊ शकते, म्हणून ही चाचणी वगळू नये.

यानंतर टायरला हवा भरायचा गेजवाला पायपंप आत येणाऱ्या तोंडाला घट्ट जोडावा आणि हळूहळू दाब वाढवावा. पडदा उचलला की परतीच्या तोंडातून हवा फुसफुसते आणि काटा पुढे सरकेनासा होतो. बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापे. ३ बारच्या डबीत हे सुमारे ४३.५ पीएसआयला होते, २.५ बारच्या डबीत ३६ पीएसआयच्या आसपास. नंबर नसलेल्या भागाचा नंबर म्हणजे हा आकडा.

परंतु पंप उलट्या, म्हणजे परतीच्या तोंडाला लावला, तर काटा ५० पीएसआयच्या पुढे गेला तरी हवा निघत नाही. कारण त्या बाजूने दाब पूर्ण पडद्यावर येतच नाही. झडपेच्या छोट्याशा बैठकीपुरताच येतो. मग कमेंटमध्ये लिहिले जाते, "जाम आहे, फेकून दिला." तो भाग धडधाकट होता, मंडळी, पंप चुकीच्या तोंडाला होता!

हीच गोष्ट गाडीवर काय करते, तेही ऐका. पारोळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची गाडी काळा धूर सोडत आली, प्लग पेट्रोलने ओले. कुणीतरी परतीच्या तोंडाला व्हॅक्यूमची बारीक नळी लावली होती. माप जुळेना म्हणून नळीत नळी घालून वर क्लॅम्प आवळला होता. दाब भरला की झडप उघडत होती, आणि टाकीकडे परतायचे पेट्रोल सरळ इंजिनात ओतले जात होते. अशी गाडी पेट घेऊ शकते, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले तर कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. म्हणून "लावून पाहा, चालली तर चालली" हा सल्ला माझ्या व्हिडिओखाली कृपया देऊ नये. जिथे आटे जुळतात तिथे तोंडेही जुळतातच, असे नाही.

आकडा मिळाल्यावर तो आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील दाबाशी ताडून पाहावा. २.५ बारच्या गाडीला ३ बारची डबी लावली, तर इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतात. बसवताना ओ-रिंग नवी घ्यावी आणि नळी इंजेक्शनच्या दाबाची असावी. कार्ब्युरेटरची साधी नळी इथे तग धरणार नाही. रेग्युलेटर टाकीतल्या पंपासोबतच असलेल्या गाडीला हा परतीच्या तोंडाचा भाग मुळात लागतच नाही. कॉमन रेल डिझेलचा भाग असेल, तर पायपंप बाजूला ठेवून डिझेल पंपवाल्याकडे जावे; तिथला दाब १,००० बारच्या वर जातो.

यापुढे फोटो पाठवताना घुमट, बाजू आणि तळ असे तिन्ही बाजूंचे पाठवावेत, आणि सोबत पायपंपाच्या काट्याचा आकडा लिहावा.