पुश्काश : एक आडनाव, एक बॉल, एक वायर

(ओबुडा, बुडापेस्ट. सकाळ. ब्राँझचा पुतळा, आजूबाजूला माणसांची ये-जा.)

हा माणूस बघा, हंगेरीचा फुटबॉलवाला. अंगात सूट, गळ्यात टाय, आणि भर रस्त्यात बॉल उडवतोय. समोर उभी असलेली पोरं पण ब्राँझचीच आहेत, पण आम्ही शूट करत होतो तेव्हा एक खरं पोरगं त्यांच्यात जाऊन उभं राहिलं आणि बॉल कधी खाली पडतो ते बघत बसलं. माद्रिदच्या रस्त्यावर पोरांना बॉल उडवून दाखवतानाचा त्याचा एक फोटो आहे, त्यावरून हा पुतळा केलाय.

पुश्काश फेरेंत्स.

आधी उच्चाराचं बघू, कारण आपल्याकडे बरेच जण पुस्कास म्हणतात. हंगेरियनमध्ये नुसता एस लिहिला की तो श वाचायचा, म्हणून पुश्काश. पुश्का म्हणजे बंदूक, त्यामुळे पुश्काश म्हणजे बंदूकवाला, आपल्याकडे तोफखाने आडनाव आहे ना, त्याच वळणाचं. आणि तिकडे आडनाव आधी येतं, मग नाव, आपल्या शाळेच्या हजेरीत असायचं अगदी तसंच, त्यामुळे मराठी माणसाला ते वाचताना अजिबात अडखळायला होत नाही.

(पुश्काश अरेना, बाहेरून. मग आतून, रिकाम्या खुर्च्या.)

हे त्याच्या नावाचं स्टेडियम. नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडलं. इथेच आधी १९५३ चं जुनं नेपश्टादिओन होतं, म्हणजे लोकांचं स्टेडियम, त्याला २००२ मध्ये याचं नाव दिलं आणि नंतर ते पाडून हे बांधलं. फिफा दरवर्षी सगळ्यात सुंदर गोलला जो अवॉर्ड देते तोही पुश्काश अवॉर्ड, २००९ पासून. एवढं सगळं एका आडनावावर उभं आहे, आणि गंमत म्हणजे ते आडनाव त्याचं जन्माचं नव्हतंच.

घरातलं मूळ आडनाव पुर्त्सेल्ड. डॅन्यूब नदीच्या काठाला पिढ्यान् पिढ्या राहिलेली जी जर्मन कुटुंबं होती त्यातलं हे एक. त्या काळात हंगेरीत जर्मन, स्लोव्हाक, ज्यू अशा हजारो घरांनी आडनावं बदलून हंगेरियन करून घेतली, कोणी मनापासून, कोणी नोकरी टिकवायला. याच्या वडिलांनी १९३७ मध्ये पुश्काश घेतलं, पोरगं तेव्हा दहा वर्षांचं. आणि याच पोराने त्याआधी तिसरंच नाव लावलं होतं! क्लबमध्ये बारा वर्षांच्या आतल्या पोरांना घेत नव्हते, म्हणून कागदावर नाव लिहिलं कोवाच मिक्लोश. कोवाच म्हणजे लोहार, तिथलं अगदी घरोघरचं आडनाव, कोणाला संशय यायचं कारणच नाही. म्हणजे जर्मन पुर्त्सेल्ड, मग खोटा लोहार, आणि शेवटी बंदूकवाला. एका पोराची तीन आडनावं, आणि वय काय तर शाळेत जायचं.

(किश्पेश्ट. अरुंद गल्ली, बैठी घरं, भिंतीवर बॉल आपटणारी मुलं.)

किश्पेश्ट म्हणजे छोटं पेश्ट, पेश्ट म्हणजे बुडापेस्टमधलं पेस्ट. इथे तो वाढला. शेजारी योझेफ बोझिक राहायचा, जो पुढे त्याच्याबरोबर देशाकडून खेळला, आणि दोघांची खूण ठरलेली होती, मधल्या भिंतीवर टकटक केली की खेळायला बाहेर यायचं. घरचे त्याला ओची म्हणायचे, ओची म्हणजे धाकटा भाऊ, आपल्याकडे बारक्या म्हणतात तसं, आणि पुढे अख्ख्या देशाने त्याला ओचीच म्हटलं. सोळाव्या वर्षी मोठ्या टीममध्ये आला, अठराव्या वर्षी देशाकडून पहिली मॅच, त्यात गोल. हंगेरीसाठी ८५ मॅच, ८४ गोल. हा आकडा मी तीनदा तपासला.

(जुनं ब्लॅक अँड व्हाइट फुटेज, वेम्बली.)

आता हे नीट बघा. २५ नोव्हेंबर १९५३. ब्रिटिश बेटांबाहेरची कुठलीही टीम इंग्लंडला वेम्बलीवर हरवू शकली नव्हती तोपर्यंत. बॉल याच्या डाव्या पायात आहे, इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट घसरत येतोय, आणि हा काय करतो, बुटाच्या तळव्याने बॉल फक्त मागे ओढतो. एवढंच. राइट समोरून सरळ निघून जातो आणि तोपर्यंत बॉल गोलमध्ये. परत दाखवतो. तळवा, मागे, फटका. हंगेरी ६, इंग्लंड ३. सहा महिन्यांनी बुडापेस्टला ७-१.

१९५४ ची वर्ल्ड कप फायनल ते हरले, दोन गोल पुढे असताना, याचा घोटा दुखावलेला असताना. १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर तो मायदेशी परतला नाही, दोन वर्षांची बंदी भोगली, मग रेआल माद्रिद, १९६० च्या युरोपियन कप फायनलला एकट्याने चार गोल. स्पेनच्या लोकांनी त्याला नाव ठेवलं कान्योन्सितो, छोटी तोफ, त्यांना आडनावाचा अर्थ माहीत असो नसो. २००६ मध्ये गेला.

(सेंट स्टीफन बॅसिलिका. तळघरातली कबर, फुलं. आवाज नाही.)

(म्युझियम. टेलिफोनचा जुना लाकडी स्विचबोर्ड, पितळी पिना, वेणीसारख्या वायरी.)

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मी हा व्हिडिओ खरंतर या लाकडी कपाटासाठी करतोय. त्याच्यामागे पण पुश्काश आडनाव आहे आणि ते घेताना कोणी कागद बदलले नव्हते. पुश्काश तिवदर. फुटबॉलवाल्याचा काका नाही, आजोबा नाही, काहीच नाही, फक्त आडनाव तेच. त्याचं फुटेज मिळत नाही, असणार कसं, तो १८९३ मध्ये गेला. हातात एक फोटो आहे, दाट दाढी, शांत डोळे, तोच मी पुन्हा पुन्हा लावणार आहे, चालवून घ्या.

जन्म पेश्टमधला, १८४४. घराणं ट्रान्सिल्व्हेनियातलं, खानदानी. कायदा शिकला, इंजिनिअरिंगकडे वळला, इंग्लंडला जाऊन रेल्वे बांधणाऱ्या कंपनीत काम केलं, १८७३ मध्ये व्हिएन्नाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा तिकडे येणाऱ्यांसाठी ट्रॅव्हल एजन्सी काढली, मग उठला आणि थेट अमेरिकेत कोलोरॅडोला सोनं खणायला. या सगळ्या उचापतीत डोक्यात एक गोष्ट मात्र घट्ट बसलेली, की तारा एका जागी आणून हव्या तशा एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. तेव्हा तो तारायंत्राचा विचार करत होता. तेवढ्यात बेलचा टेलिफोन आला आणि त्याला कळलं की आपली आयडिया खरी लागणार ती इथे.

(ग्राफिक : ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा.)

का ते समजून घ्या, कारण याच्याशिवाय त्याचं महत्त्व कळत नाही. टेलिफोन आला तेव्हा तो जोडीने विकला जायचा, एक इकडे, एक तिकडे, मध्ये वायर, संपलं. आता दहा घरांना एकमेकांशी बोलायचं असेल तर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे वायर टाकायची, मोजा, ४५ वायरी. शंभर घरं असतील तर ४९५०. गल्लीत आकाश दिसणार नाही. पण प्रत्येक घरातून एकच वायर एका खोलीत आणली, आणि तिथे बसलेल्या बाईने या वायरीची पिन त्या भोकात खोचली, तर शंभर घरांना शंभर वायरी पुरतात. ही खोली म्हणजे एक्स्चेंज. ज्यांनी लहानपणी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघितलीय त्यांना ही खोली सांगायची गरज नाही.

तो एडिसनला जाऊन भेटला, आणि युरोपात एडिसनचा माणूस म्हणून परत आला. अमेरिकेत पहिलं कमर्शियल एक्स्चेंज १८७८ च्या जानेवारीत न्यू हेवनला सुरू झालं, ते त्याने बांधलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो, पण कल्पना मांडणाऱ्यांत तो अगदी आघाडीवर होता आणि हंगेरीत याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र, वाजवून दाखवला. यंत्र बोलायला लागलं तसा एका वयस्कर सभासदाला वाटलं की ही पोटातून आवाज काढायची लबाडी आहे! १८७९ मध्ये पॅरिसचं एक्स्चेंज उभारलं, आणि भावाला घरी लावून दिलं, आता आपल्या गावात कर.

आणि भावाचं नाव काय? पुश्काश फेरेंत्स. हो, तेच नाव, फुटबॉलवाल्याच्या जन्माआधी जवळपास ऐंशी वर्षं. सैन्यातला अधिकारी. १ मे १८८१ ला बुडापेस्टचं एक्स्चेंज याने सुरू केलं. आपल्या मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये, म्हणजे फार मागे नव्हतो आपण. १८८४ मध्ये हा भाऊ तरुणपणीच गेला आणि तिवदरला स्वतः येऊन काम हातात घ्यावं लागलं.

(जुनं चित्र : खुर्चीत बसलेली बाई, दोन्ही कानांना रिसीव्हर.)

हे चित्र थांबवून बघा. या बाई कोणाशी बोलत नाहीयेत, त्या ऐकतायत. १५ फेब्रुवारी १८९३ ला तिवदरने सुरू केलं टेलिफोन हिर्मोंदो, हिर्मोंदो म्हणजे बातमी सांगणारा, आपला दवंडीवालाच, फक्त वायरीतून. रेडिओ यायच्या कितीतरी आधी, घरबसल्या, वेळापत्रकाप्रमाणे बातम्या, शेअर बाजाराचे भाव, भाषेचे धडे, आणि संध्याकाळी ऑपेरा थेट थिएटरमधून. घराला दोन रिसीव्हर, नवऱ्याला एक बायकोला एक, किंवा एकट्याने दोन्ही कान. आवाज वाढवायचं काही साधनच तेव्हा नव्हतं, त्यामुळे निवेदक निवडायचे ते छातीतून आवाज काढणारे, खणखणीत, शहराच्या टोकापर्यंत वायरीतून पोचलं पाहिजे असं. मी आत्ता माईकसमोर हळू बोलतोय आणि तुम्हाला ऐकू येतंय, त्यांना ही सोय नव्हती. माझ्या धंद्यातले ते पहिले लोक, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

जेमतेम एक महिन्याने, १६ मार्चला, तिवदर गेला. सर्व्हिस चालू राहिली, हजारो घरांत पोचली, १९२५ मध्ये रेडिओ आला तेव्हा त्याच कंपनीत रेडिओही आला, आणि युद्धात वायरी तुटल्या तेव्हा १९४४ ला बंद पडली.

अजून एक. तिकडे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की हॅलो हा शब्द तिवदरचा, हंगेरियनमध्ये हालोम म्हणजे ऐकू येतंय, त्यावरून आला. ऐकायला छान वाटतं, पण इंग्रजीत हॅलो त्याच्या आधीपासून होता. त्याच्या नावावर खरं इतकं आहे की हे लावायची गरज नाही.

(मेट्रो, एम टू लाइन. धावणारा डबा, खिडकीत बोगदा. डोक्यावरचा स्पीकर, क्लोज-अप.)

हा शेवटचा शॉट. स्टेडियमकडे जाणारी मेट्रो. माणसं फोनमध्ये, कोणी वर बघत नाहीये. वायरीतून एक आवाज येतो, खणखणीत, आडनाव आधी.

(स्पीकरवरची घोषणा, पूर्ण आवाजात : पुश्काश फेरेंत्स श्टादिओन.)

(दारं उघडतात.)