लेव्हल उचलायला कोण येतंय?

(दृश्य : कॉलेजचा कॉरिडॉर, नोटीस बोर्ड, बाहेर पाऊस)

जुलै महिना. पुण्याची रिपरिप. बोर्डावरचे कागद ओल धरून टाचण्यांभोवती वाकलेत. वक्तृत्व स्पर्धा, एन.सी.सी., वाङ्मय मंडळ, गिर्यारोहण. प्रत्येकाखाली तीच ओळ : इच्छुकांनी संपर्क साधावा.

हा मुलगा बघा. पाठीला सॅक, हातात गळकी छत्री. तालुक्याच्या गावाहून येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झालेत. वर्गात त्याचं नाव हजेरीपटालाच काय ते माहीत. बोर्ड वाचतो, 'इच्छुक' शब्दापाशी घुटमळतो आणि पुढे जातो. इच्छा आहे हो. पण 'मी इच्छुक आहे' हे जाऊन सांगायचं कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

(दृश्य : सभागृहाचं अर्धं उघडं दार)

आतून हाक येते. "ए, मोकळा आहेस का? जरा हात लाव ना."

लेव्हल हलवायची आहे. लेव्हल म्हणजे लाकडी चौथरा. नाटकात तिचा ओटा होतो, पलंग होतो, वेळ पडली तर रेल्वेचा फलाटही. एकट्याला ती उचलत नाही. कॉलेजातली त्याची पहिली ओळख अशी होते : लेव्हलचं दुसरं टोक धरलेल्या माणसाशी.

पुण्यात हे दिवसच तसे असतात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा तोंडावर आलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात कॉलेजं एकमेकांसमोर उभी राहतात. स्पर्धेचा विषय निघाला की लोक जब्बार पटेल, मोहन आगाशे अशी नावं घेतात. घ्यावीत. त्या वर्षांत विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, पलंग धरून कोण उभं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपण विचारू या. कारण मुलं कॉलेजात रमतात ती बहुतेक या विंगेतून.

ऑडिशनला शंभर जण येतात, भूमिका मिळतात सहा-सात. उरलेले खट्टू होऊन निघाले की नाटकाच्या ग्रुपमधली जुनी मुलं त्यांना दारातच गाठतात. लाइट्स बघशील? म्युझिकला कुणी नाहीये. प्रॉपर्टीची यादी तू ठेव. ज्याला चार लोकांत बोलता येत नाही त्याला कंदील, तांब्या, काठी, चष्मा अशा बावीस वस्तूंचा हिशोब मिळतो. चष्मा हरवला तर सगळे त्यालाच शोधत येणार. आपल्याला कुणीतरी शोधत येतं, ही गोष्ट सतराव्या-अठराव्या वर्षी लहान नसते.

आता कागदोपत्री सोयी पुष्कळ आहेत. अभियांत्रिकीच्या नव्या मुलांसाठी तंत्रशिक्षण परिषदेनं ३ आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखून दिलाय. कल्पना चांगलीच आहे, पण पुष्कळ ठिकाणी त्याची भाषणं होतात. मुलं मागच्या रांगेत मोबाइल बघतात आणि शेवटी चहा-बिस्कीट. राष्ट्रीय सेवा योजनेचं बरं आहे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि ७ दिवसांचं गावातलं शिबिर. मुलं येतात सवलतीच्या गुणांसाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पन्नास जणांच्या पिठल्याला मीठ किती, यावर भांडण झालं की गुण मागे पडतात.

(दृश्य : रात्रीची तालीम, जमिनीवर खडूच्या खुणा)

अडचणी याच हॉलमध्ये बसलेल्या असतात. एकीच्या हॉस्टेलचं फाटक साडेआठला बंद होतं. एकाची शेवटची एसटी सातची. एकजण सकाळी दूध टाकतो, दुपारी लेक्चरला डुलक्या देतो. ७५ टक्के हजेरीची तलवार सगळ्यांवरच. म्हणून शहाणे ग्रुप आधी लांबच्या मुलांचे प्रसंग उरकतात. आणि एखादे सर तालमीला न सांगता येतात, मागे पाच मिनिटं बसतात, रेक्टरबाईंना स्वतः फोन लावतात. त्या एका फोनचं वजन कुठल्याही परिपत्रकाला येणार नाही.

(दृश्य : भरत नाट्य मंदिर, प्रेक्षागृह)

"अरे आव्वाज कुणाचा!" छप्पर दणाणतंय. मग तिसरी घंटा.

आपला मुलगा डाव्या विंगेत उभा आहे, काळा टी-शर्ट घालून. तिसऱ्या प्रसंगानंतर काळोख होणार, आणि तेवढ्यात पलंग आत सरकवून तांब्या उशाशी ठेवायचा. जमिनीवर रेडियमच्या चिकटपट्टीचे चार तुकडे चमकतायत, पलंगाचे चार पाय बरोबर त्यांवर यायला हवेत. महिनाभर त्यानं हे डोळे मिटून केलंय.

काळोख. पावलं. लाकडाचा बारीकसा आवाज.

उजेड येतो तेव्हा पलंग जागेवर आहे, विंगेत तो धापा टाकतोय. प्रेक्षकांना वाटतं पलंग तिथेच होता.

करंडकाचं म्हणाल तर त्याचा भरवसा नाही. २०२२ साली परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता. त्यावर गावभर वाद झाला. पुढच्या पावसाळ्यात तालमी पुन्हा सुरूच.

(दृश्य : नाट्यगृहाबाहेर टेम्पो, रात्र)

लेव्हल टेम्पोत चढतायत. एसटी केव्हाच गेली, आज मुक्काम कुणाच्या तरी खोलीवर. तो जरा बाजूला होऊन घरी फोन लावतो.

"नाही गं आई, मी नव्हतो स्टेजवर. ... अगं पण पलंग मी लावला. ... हो, जेवलो. ठेवतो आता, टेम्पो भरायचाय."