पडद्यावरचा भगवा, कागदावरचा विटकरी

मंडळी, आल्या आल्या मी हा मॉनिटर चालू करून ठेवलाय. कशासाठी, ते शेवटी कळेल.

आपल्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायच्या धंद्यात एक तक्रार कायमची. ‘स्क्रीनवर छान दिसत होतं, छापून काळपट आलं.’ आणि शिव्या खातो प्रेसवाला. मीही दिल्यात. एका लग्नपत्रिकेवरचा गणपती असाच काळवंडून आला, तेव्हा मशीनमनशी भांडायला गेलो. तो काही बोलला नाही. पत्रिका खिडकीत, दिवसाच्या उजेडात धरली. ठीक होती! मग म्हणाला, ‘साहेब, घरी जा आणि कोरा कागद मॉनिटरशेजारी धरा.’

धरला. कागद कागदासारखा होता आणि पडदा ट्यूबलाइटसारखा. ब्राइटनेस शंभरावर! एवढ्या उजेडात मी गणपती ‘जरा गडद’ करत बसलो होतो.

त्यात आपलीही फार चूक नसते. दुकानात मॉनिटरला शेजारच्या दहा मॉनिटरांपुढे उठून दिसायचं असतं, म्हणून तो भडक आणि निळसरच येतो. ऑफिसातले साधे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर २५० ते ३०० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड देतात. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे रंगमान मांडलं, त्यात पडद्याचा उजेड धरलाय ८० निट्स. छपाईसाठी ८० ते १२० पुरे. पडद्याचा उजेड मोजायचं मीटर नसेल तर मशीनमनचा कागद आहेच: खोलीतला नेहमीचा दिवा लावा, पडद्यावर कोरं पान उघडा आणि ते शेजारच्या कागदाइतकं दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

काँट्रास्टला मात्र हात लावू नका. एलसीडीत ब्राइटनेस म्हणजे मागचा दिवा. काँट्रास्ट वाढवला की फिकट छटा पांढऱ्यात बुडतात, नवरीच्या शालूची जर नाहीशी होते. जुन्या डब्ब्या मॉनिटरवर ब्राइटनेसचं बटण काळा रंग वरखाली करायचं. ती सवय आमच्या पिढीच्या बोटांतून जात नाही.

रंगाचं तापमान ६५०० केल्विन ठेवा. पहिली पाच मिनिटं सगळं पिवळट वाटेल. वाटू दे, डोळे सरावतात. व्हिव्हिड मोड, डायनॅमिक काँट्रास्ट, रात्रीचा पिवळा उजेड, सगळं बंद.

आणि एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखेसारखा दिसत असेल, तर मॉनिटरला दोष देऊ नका. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज ‘लिमिटेड’ झालेली असते, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या शून्य ते २५५ ऐवजी १६ ते २३५. ती ‘फुल’ करा.

एवढं करूनही भगवा फसतोच. पडद्यावरचा झळझळीत केशरी किंवा पोपटी छपाईच्या चार शाईंत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) बसतच नाही, मॉनिटर लाखाचा असला तरी. फोटोशॉपमध्ये प्रेसचा प्रोफाइल (त्यांची शाई आणि कागद कोणते रंग देतात ते सांगणारी फाइल) निवडून कंट्रोल-वाय दाबा, कागदावर साधारण काय उतरेल ते दिसतं. नवरीच्या वडिलांना तेच दाखवा. ते नाक मुरडतील, पण ऑर्डर जायच्या आधी मुरडतील.

बरं, अर्धा तास होत आला. पडदा तापून स्थिर व्हायला एवढा वेळ लागतोच. पुढची खिडकी कुणीतरी लावून घ्या, मीटर काढतो.