पट्टा सैल, म्हणून नंबर वाढतो

(इंदूरला रामबागेत कुत्रे पाळणाऱ्या मंडळींसमोर मराठीत बोलले होते, ते टाइप करताना थोडं नीट केलंय. मधले प्रश्न आहेत तसे ठेवलेत.)

नमस्कार मंडळी. आजचा विषय एवढाच की शिकारी जातीच्या कुत्र्याच्या गळ्यात रिमोटवाला ट्रेनिंग कॉलर, म्हणजे बटण दाबलं की मानेला करंट देणारा पट्टा, नीट बांधायचा कसा आणि बांधल्यावर तो जागेवर राहील कसा. रिमोटचं बटण कधी दाबायचं यावर फार बोलणार नाही, कारण ज्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात, "कुत्रं ऐकतच नाही", "एकदम किंचाळलं", "गळ्याला जखम झाली", त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ बक्कलच्या भोकात असतं, रिमोटमध्ये नसतं.

हा कॉलर मुळात आपल्याकडचा नाही. अमेरिकेत पक्षी शोधणारे पॉइंटर, पाण्यातून बदक आणणारे लॅब्राडोर आणि वासावर मैलोन्मैल जाणारे हाउंड यांच्यासाठी तो बनला, अॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये 1968 साली ट्राय-ट्रॉनिक्स नावाची कंपनी निघाली ती याच कामाची, पुढे 2011 मध्ये गार्मिनने ती घेतली. तिकडे शिकार कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही, आणि हे मी दरवेळी आधी सांगते कारण कारवानी, पश्मी, मुधोळ या आपल्या देशी शिकारी जाती पाळणाऱ्यांत अजून असे लोक आहेत ज्यांना वाटतं की बंदूक नसली म्हणजे शिकार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जनावराचा पाठलाग करणं येतं. सशामागे मुद्दाम कुत्रं सोडलंत तर ती शिकारच झाली, मग ससा हाती लागो न लागो.

मग आपल्याला हा कॉलर कशाला? तर उलट कामासाठी. सकाळी तुम्ही रालामंडलकडे किंवा चोरलच्या बाजूला कुत्रं मोकळं सोडता, समोर नीलगाय किंवा मोर उठतो आणि कारवानीच्या रक्तातच धावणं आहे, तो निघाला की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि पुढे एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेवर, ट्रक आहेत. त्याला परत फिरवायला लोक हा पट्टा घेतात. ऑनलाइन मागवतात, डबा उघडतात, साध्या पट्ट्यासारखा गळ्यात अडकवतात आणि निघतात. बिघडतं ते इथेच.

कॉलरच्या डबीला, म्हणजे रिसीव्हरला, दोन धातूचे पॉइंट असतात. करंट एका पॉइंटमधून निघून मधल्या कातडीतून दुसऱ्या पॉइंटला जातो. दोन्ही पॉइंट कातडीला लागले तरच सर्किट पुरं होतं. पट्टा सैल असला की कधी दोन्ही लागतात, कधी एकच लागतो, कधी नुसते केसांवर तरंगतात, सॉकेटमध्ये सैल बसलेला प्लग कसा मधेच चालतो मधेच बंद पडतो अगदी तसं. आता बघा काय होतं. रिमोटवरचा नंबर म्हणजे करंटचा जोर. तुम्ही पाच नंबरवर बटण दाबलं, कुत्र्याला काहीच कळलं नाही. तुम्हाला वाटलं कुत्रं ढीठ आहे, तुम्ही दहा केलं, मग वीस, मग चाळीस, आणि नेमकं त्या क्षणी कुत्र्याने मान वळवली, दोन्ही पॉइंट घट्ट टेकले आणि अख्खा चाळीस त्याला बसला, ज्याला खरं तर पाचातच कळलं असतं. त्या वेळी त्याच्या समोर जे असेल, वासरू, सायकलवरचा पोरगा, घरातलीच मुलगी, त्याचा संबंध तो त्या दुखण्याशी जोडतो. पुढे तुम्ही म्हणता कुत्रं मुलांवर गुरगुरायला लागलं. अहो, त्याला कसं कळणार की पट्टा सैल होता?

म्हणून मी म्हणते की सैल पट्टा हा दयाळूपणा नाही. "बिचाऱ्याला आवळू नको" म्हणून आपण दोन भोकं सोडतो आणि त्याच्याच वाट्याला जास्त करंट येतो.

आता शिकारी कुत्र्यांची गंमत. कारवानी, मुधोळ, पश्मी यांची मान लांब, पीळदार, आणि डोकं अरुंद, काहींचं तर मानेपेक्षाही बारीक. साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सरकून निघून येतो. यांची कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाहीच. म्हणजे लॅब्राडोरला जे माप चालतं ते इथे चालत नाही, आणि लॅब्राडोरला दाट आतली लोकर असते त्यामुळे त्याला लांब पॉइंट लागतात, कारवानीला आखूडच बरे, लांब लावलेत तर रुततात. बहुतेक डब्यांत दोन्ही जोड्या येतात, पण लोक एक जोडी लावलेली असते तीच आयुष्यभर चालवतात. (मुधोळबद्दल बोलायला लागले की मला थांबवावं लागतं, 2005 साली टपाल खात्याने तिकिटावर छापलेला आपला कुत्रा आहे हा, पण तो विषय परत कधीतरी.)

बांधायची पद्धत नीट ऐका. कुत्रं उभं हवं, डोकं नेहमीसारखं वर. बसलेल्या, खाली वाकलेल्या किंवा खाऊ खात असलेल्या कुत्र्याचं माप घेऊ नका. पट्टा मानेवर वरच्या बाजूला, कानांच्या जरा खाली, जिथे मान बारीक असते तिथे. खाली खांद्याजवळ बांधलात तर धावताना तो वर सरकणार आणि वर बारीक मानेवर सैल पडणार. डबी बाजूला, नरड्यावर नको, मागे मणक्यावर पण नको. डबी टेकवल्यावर हलकेच डावीउजवीकडे हलवा म्हणजे पॉइंट केसांतून वाट काढून कातडीपर्यंत जातात. मग पट्टा आवळा, एवढा की पॉइंट आणि कातडी यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जाईल. दोन आरामात गेली तर सैल, एकही गेलं नाही तर घट्ट.

यानंतरची गोष्ट कुणी करत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. डबी चिमटीत धरून थोडी पुढेमागे करा. खालची कातडी डबीबरोबर हलली पाहिजे. डबी कातडीवरून घसरत असेल तर पट्टा सैलच आहे, मग बोट काहीही सांगो. आणि पाच मिनिटांनी परत बघा, कारण गळ्यात नवीन काही आलं की कुत्रं मान फुगवतं, ताठ करतं, आणि तुम्ही त्या फुगलेल्या मानेवर माप घेतलेलं असतं. मग ते सैलावलं की पट्टाही सैलावतो. आमच्या ओळखीतल्या एका कारवानी कुत्रीला दर वेळी अंगणात एक चक्कर मारून आणल्यावर आणखी एक भोक आवळावं लागतं, त्याशिवाय डबी थेट गळ्याखाली येऊन लटकते.

मानेचे केस वस्तऱ्याने काढू नका हं. खुंट टोचतात, खाज येते, कुत्रं खाजवतं आणि जखम करून घेतं.

आता घट्ट बाजू. समोरच्या काकूंनी मघाशी विचारलं की त्यांच्या बीगलच्या गळ्यावर दोन गोल लाल डाग पडलेत, ते शॉकने भाजलं का. काकू, बहुतेक वेळा ते भाजणं नसतं, दाबाची जखम असते. एकाच जागी टोक तासन्तास दाबून राहिलं की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते, त्यात ओल आणि घाण गेली की पू होतो. कॉलर बंद असला तरी होतं हे, चार्जिंग संपलेला असला तरी होतं. म्हणून फिरून आलं की काढायचा. दिवसभर बाहेर असाल तर दर तास-दोन तासांनी डबीची जागा बदलायची, आणि आठ तासांच्या वर तर नाहीच नाही. रात्रभर गळ्यात ठेवणारे लोक आहेत, मला खरंच वाईट वाटतं. पावसाळ्यात ओल्या मानेवर तर जास्तच जपायचं. पॉइंट आणि मान दोन्ही पुसायचे, पॉइंटला स्पिरिटचा बोळा फिरवायचा, पट्ट्याखाली गोचीड बसतात ते बोटांनी चाचपून बघायचं. डाग दिसला की जखम पूर्ण भरेपर्यंत कॉलर घालायचाच नाही, आणि ओली जखम असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा, महूला पशुवैद्यकीय कॉलेजही आहे. काही कुत्र्यांना स्टीलमधल्या निकेलचीच अॅलर्जी असते, त्यांच्यासाठी टायटॅनियमचे पॉइंट मिळतात.

पक्कं करायचं म्हणजे काय, तर झुडपांतून धावल्यावरही पट्टा तसाच राहायला हवा. आपल्याकडे घाणेरी आणि बाभूळ. पट्ट्याची लोंबणारी शेपटी काट्यात अडकते, बक्कल ओढलं जातं आणि कॉलर जंगलात राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुत्रं तिथेच अडकतं. शेपटी कडीत खोचा, फारच लांब असेल तर चार बोटं ठेवून कापा, नायलॉनचं टोक लायटरने जरा वितळवा म्हणजे उसवत नाही. तिकडचे शिकारी वरून इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतात, ते चांगलंय. नायलॉन भिजला की ताणतो, नदीनाल्यातून बाहेर आल्यावर परत ती चिमटीची तपासणी करा. पॉइंटचे स्क्रू पण धावण्याने ढिले होतात, निघायच्या आधी हाताने फिरवून बघा.

आणि लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, या कॉलरला कधीच लावायची नाही. ओढ बसली की दोन्ही टोकं गळ्यात घुसतात. लीशसाठी वेगळा पट्टा किंवा हार्नेस, आणि या निमुळत्या डोक्याच्या जातींना मार्टिंगेल, जो ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळतो. फोन नंबरची पट्टी त्या साध्या पट्ट्यावर ठोका, कारण हरवलं तर माणूस आधी तीच बघणार. जीपीएस ट्रॅकर लावत असाल तर आपल्याकडचे बरेचसे सिमवर चालतात, घाटात नेटवर्क गेलं की नकाशावरचा ठिपका तिथेच थांबतो, त्यावर विसंबून कुत्रं सोडू नका.

मागून दादा विचारतायत, मग घ्यावा की नाही? मी घ्या म्हणायला आलेले नाही. वेल्समध्ये 2010 पासून या कॉलरवर बंदी आहे, आणि आपल्याकडे 1960 चा प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा आहे, कुत्र्याला त्रास द्यायला कुणी वापरला तर तो त्यात येतो. माझं मत विचाराल तर आधी दहा मीटरची दोरी, खाऊ आणि महिनोन्महिने हाकेची सवय. ज्याला दोरीवर असताना बोलावल्यावर यायचं कळत नाही त्याला करंटही काही शिकवू शकत नाही, तो फक्त घाबरतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको, भित्र्या किंवा चावऱ्या कुत्र्याला नको. घेतलाच असेल तर पहिले काही दिवस बंद कॉलरच घाला आणि तो घालून नेहमीचं फिरणं होऊ द्या, नाहीतर कुत्रं पट्टा ओळखायला लागतं, गळ्यात असला की शहाणं आणि काढला की मोकाट. मग नुसत्या बीपवर आणि व्हायब्रेशनवर काम होतंय का बघा. त्याच्याही पुढे जायचं असेल तर सगळ्यात खालच्या नंबरपासून एकेक वर, आणि कान हलला किंवा त्याने थबकून जमिनीकडे बघितलं की तोच नंबर. किंचाळलं म्हणजे तुम्ही तो नंबर मागेच सोडून आलात.

आता ज्यांनी कॉलर बरोबर आणलेत त्यांनी ते बंद करून घ्या, रिमोट टेबलावर ठेवा. बारीक मानेची कुत्री आधी येऊ द्या, एकेकाला उभं करून चिमटीने बघू, आणि मालकांनी स्वतःच्या हाताने आवळायचंय, मी नाही आवळणार.